गवताच्या फाईलमधला कागद

सेतुरावांविरुद्ध मी कधी तक्रार केली नाही. साहेबांचे कान भरले नाहीत की निनावी पत्र लिहिलं नाही. मी फक्त एक कागद एका फाईलमधून काढला आणि दुसऱ्या फाईलला लावला. फाडला नाही. कागद फाडायला कारकुनाचा हात धजत नाही. पण चुकीच्या फाईलला लावलेला कागद फाडलेल्या कागदापेक्षा जास्त हरवतो, हे कारकुनाइतकं दुसऱ्या कोणाला ठाऊक नसतं. म्हणजे जे केलं ते मी पूर्ण समजून केलं. हे आधीच सांगतो, कारण पुढे मी सेतुरावांबद्दल बरंच चांगलं लिहिणार आहे आणि ते वाचून कोणाला वाटेल की हा त्यांचा चाहता होता. चाहता होतोच. पण ज्याचा हेवा वाटतो त्याच्याकडे माणूस चाहत्यापेक्षा जास्त निरखून बघतो. मला त्यांच्या इतक्या बारीक गोष्टी आठवतात त्या त्यामुळेच.

नव्या शतकाची ती पहिली वर्षं. मुंबईतल्या नौदलाच्या एका कार्यालयातून मी बढतीवर चेन्नईच्या प्रादेशिक मुख्यालयात आलो. वर्दीतले लोक दोन-तीन वर्षांनी बदलून जायचे. कार्यालय टिकून होतं ते आम्हा बिनवर्दीच्या कारकुनांवर आणि कारकुनांमध्ये सेतुरावांवर. ते मुख्य लिपिक होते. तंजावरकडचे मराठी, मुक्काम चेन्नईतल्याच पश्चिम मांबळमला. अंगाने काटकुळे, मनगटापर्यंत बटणं लावलेला पांढरा सदरा, कपाळावर गंधाची बारीक उभी रेघ. साडेबारा वाजले की कमोडोर साहेबांनी हाक मारली तरी दहीभाताचा डबा संपल्याशिवाय उठायचे नाहीत. साहेबांनाही ते माहीत असे, त्यामुळे ते साडेबाराला हाक मारत नसत.

पहिल्या दिवशी मी विचारलं, "इथं काम नेमकं कोणाच्या हाताखाली चालतं?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "तुमचं लग्न झालंय कीं, तंबी?"

तमिळमध्ये धाकट्या भावाला तंबी म्हणतात. मी बेचाळीस वर्षांचा होतो.

"झालंय."

"मग कळेल. विशाखापट्टणमचे कमांडर-इन-चीफ म्हणजे मुलाचा आजा. तो मांडवांत येत नाहीं, पण त्याला विचारल्यावांचून पान वाढत नाहींत. आमचे कमोडोर साहेब हे मुलाचा बाप. सगळं त्यांच्या नांवानें, सगळ्याचा घाम त्यांनाच. ऑपरेशन, पुरवठा, प्रशासन हे तिघे काका. एकमेकांशीं बोलत नाहींत, बापाशीं बोलतात. दक्षिणेकडे आपल्या तुकड्या आहेत, त्या सासरीं दिलेल्या मुली. मानानें वागवायचं, आठवड्याला खुशाली विचारायची."

"आणि तटरक्षक दल?"

"ते मामाकडचे. आपल्या घरचे नव्हेत, पण मानपानांत चुकलं तर लग्न अडतं. बंदर, कस्टम, सागरी पोलीस, कलेक्टर हे सगळे व्याही. त्यांना हुकूम नाहीं, विनंती."

मी हसलो. ते हसले नाहीत. "एक राहिले. कोळी लोक. ज्यांच्या अंगणांत मांडव घातला ते. त्यांना कोणी पत्रिका देत नाहीं."

त्या कार्यालयाबद्दल मी नंतर कितीतरी आदेश आणि तक्ते वाचले. पण कुठलं पत्र आज्ञा म्हणून लिहायचं, कुठलं विनंती म्हणून आणि कुठलं नुसतं माहितीसाठी, हे मला त्या लग्नावरूनच कळत गेलं. ते मला त्यांनी शिकवलं याचाही पुढे मला राग येऊ लागला.

कोळ्यांना पत्रिका द्यायची व्यवस्था त्यांनी स्वतः केली होती. जहाजांचा समुद्रात गोळीबाराचा सराव असला की ठरलेल्या पट्ट्यात होड्यांनी येऊ नये, अशी सूचना आमच्याकडून जायची. आमचं पत्र कलेक्टरकडे, तिथून मत्स्य विभागाकडे, तिथून निरीक्षकाकडे, असं उतरत उतरत गावात पोचेपर्यंत सराव उरकलेला असायचा. सेतुराव पत्र पाठवायचेच. त्यात एका अक्षराची कसूर नसे. मग ते फोन उचलून किनाऱ्यावरच्या बर्फाच्या कारखान्यांना कळवायचे.

मी विचारलं, "बर्फाच्या कारखान्यांना का? गावच्या पंचायतीला सांगा की."

"पंचायत कोणाला भेटेल, कोणाला नाहीं. बर्फ घेतल्यावांचून होडी निघत नाहीं, तंबी."

सहा कारखाने, सहा फोन. फोनवर ते उभं राहून बोलायचे. कमोडोर असो की बर्फवाला, उभं राहूनच. कारण विचारल्यावर म्हणाले होते, "बसून बोललं तर आवाजांत खुर्ची येते."

हे वाक्य मी घरी सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला सांगितलं. तिने लगेच दुसऱ्यांदा म्हणवून घेतलं. मला वाटलं, अठरा वर्षांच्या संसारात माझं एक वाक्य तिने असं पुन्हा म्हणवून घेतलेलं नाही.

खरा काटा मराठीचा होता. मी साताऱ्याचा, मराठी शाळेत शिकलेला, शुद्धलेखनात बक्षिसं मिळवलेला. चेन्नईत आपल्या भाषेचं पाणी दाखवू असं मनात होतं, कारण कमोडोर साहेब नाशिककडचे होते. पण साहेब सेतुरावांना केबिनमध्ये बोलवत आणि दार उघडं असल्यामुळे मला सगळं ऐकू येई.

"काय राव, आज कुठला शब्द?"

"आमची आजी उद्याला उदईक म्हणे, साहेब. उदईक येतों, उदईक करतों."

"उदईक! हे तर जुन्या पोथ्यांत असतं हो."

"आम्ही पोथींतच राहिलों, साहेब. बाहेर काढायला कोणी आलं नाहीं."

साहेब खदखदा हसत. मी एकदा फाईल घेऊन आत गेलो आणि मुद्दाम दोन चांगली मराठी वाक्यं बोललो. साहेबांनी सही करत इंग्रजीत "गुड, गुड" म्हटलं. माझी मराठी त्यांच्या रोजच्या ऐकण्यातली होती. बाहेर आल्यावर मी सेतुरावांच्या बोलण्याची नक्कल करून दोन कारकुनांना हसवलं. सेतुराव मागेच उभे होते. म्हणाले, "चांगलं जमतंय. 'तें' जरा नाकांतून म्हणा." आणि ते तिघे मिळून हसले. मी सोडून.

ते साधुसंत नव्हते. चारचौघांत टोमणा मारायची त्यांना खोड होती. माझ्या एका मसुद्यावर म्हणाले, "निकम तंबींचं पत्र म्हणजे रेल्वेचं टाइमटेबल. सगळं बरोबर लिहिलेलं असतं, गाडी तेवढी येत नाहीं." महिनाभर मला सगळे टाइमटेबल म्हणत होते. बर्फवाल्यांचे नंबर त्यांनी मला कधी दिले नाहीत. मागितले तर म्हणत, "माझ्या डोक्यांत आहेत, कागदावर नाहींत." आपल्याशिवाय अडलं पाहिजे ही कारकुनी हौस त्यांनाही होती.

एका सकाळी दक्षिणेकडच्या एका गावातून बाईचा फोन आला. वादळी वाऱ्यानंतर नवऱ्याची होडी परतली नव्हती. फोन मी घेतला. माझं तमिळ मोडकं, पण नियम पक्के. समुद्रातला शोध हे तटरक्षक दलाचं काम, अर्ज मत्स्य विभागामार्फत करावा, असं सांगितलं. बाई रडायला लागली. सेतुरावांनी माझ्या हातून रिसीव्हर घेतला आणि उभं राहून विचारत गेले. होडीचा रंग कुठला, इंजिन कधी दुरुस्त केलं होतं, किती दिवसांचे तांदूळ बरोबर होते, नवरा जाळं उत्तरेला टाकतो की दक्षिणेला. सगळं लिहून त्यांनी तटरक्षक दलाच्या ड्युटीवरच्या अधिकाऱ्याला फोन केला, विशाखापट्टणमला माहितीसाठी संदेश तयार केला आणि सहीला पाठवला. पंधरा मिनिटांत सगळं. दुसऱ्या दिवशी दुपारी होडी सापडली. इंजिन बंद पडून वाहत गेली होती, माणसं जिवंत होती.

मला म्हणाले, "तुमचं बरोबर होतं, तंबी. काम त्यांचंच. मीं फक्त त्यांच्या दारापर्यंत सोडून आलों."

त्यांनी मला चूक म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

यानंतर थोड्या दिवसांनी साहेबांनी बर्फाच्या कारखान्यांच्या फोनलाही मान्यता दिली. सेतुरावांनीच आग्रह धरला होता की एवढ्या वर्षांची तोंडी पद्धत आता कागदावर असावी. साहेबांनी एका चिठ्ठीवर लिहिलं की सरावाआधी किनाऱ्यावरच्या कारखान्यांना फोनने कळवण्यास हरकत नाही, आणि खाली हिरव्या शाईत सही केली. चिठ्ठी गोळीबाराच्या फाईलला लावायला माझ्याकडे आली. मी ती टॅगमध्ये अडकवली, पण पान क्रमांक घातला नाही. तेव्हा तो नुसता आळस होता.

ते कमोडोर निवृत्त होऊन परदेशी मुलाकडे गेले. नवे साहेब आले आणि त्यांच्याबरोबर एक नवे कमांडर, सुरक्षेच्या बाबतीत अतिशय कडक. पुढच्या सरावाच्या आधी एका बर्फवाल्याने तारीख पक्की करायला ऑफिसात फोन केला आणि तो नेमका कमांडर साहेबांनी उचलला.

"आमच्या गोळीबाराची तारीख बर्फाच्या कारखान्याला कशी कळते?" कमांडर साहेबांचा चेहरा लाल झाला होता.

सेतुराव शांतपणे म्हणाले, "मीं सांगतों, सर. आधीच्या कमोडोर साहेबांची लेखी परवानगी आहे. फाईलमध्ये आहे."

"फाईल आणा. अर्ध्या तासात."

फाईल माझ्या कपाटात होती. कपाट उघडलं. सेतुरावांना त्या वर्षी नौदल दिनी कमोडोरांचं प्रशस्तिपत्र मिळणार होतं, यादीत नाव गेलं होतं. निवृत्तीला आठ महिने उरले होते आणि त्यांच्यानंतर ती खुर्ची माझी होती. मला फक्त वाट बघायची होती. पण त्या अर्ध्या तासात मला खुर्चीचं काही सुचलं नाही. मला फक्त एकदा, एकदाच, सेतुराव बोलतात आणि कोणी विश्वास ठेवत नाही, हे बघायचं होतं.

हिरव्या शाईची चिठ्ठी मी टॅगमधून काढली. क्रमांक नव्हताच, त्यामुळे मध्ये पान गेल्याचं दिसलं नसतं. खालच्या कप्प्यात आवारातलं गवत कापायच्या कंत्राटाची जुनी फाईल होती. तिच्यात चिठ्ठी लावली आणि गोळीबाराची फाईल घेऊन आत गेलो.

कमांडर साहेबांनी पान पान चाळलं. सेतुरावांनी चाळलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तंबी, हिरव्या शाईची चिठ्ठी. मीं तुम्हांला दिली होती."

"मला आठवत नाही, राव," मी म्हणालो.

आधीच्या साहेबांना परदेशी फोन करून विचारता आलं असतं. मी तेही सुचवलं नाही. सेतुराव स्वतःच म्हणाले, "त्यांना निवृत्तीनंतर साक्षीला बोलवायचं? नको. माझा शब्द पुरत नाहीं तर राहूं द्या."

शिक्षा म्हणावी अशी झाली नाही. एक ताकीद मिळाली, प्रशस्तिपत्राच्या यादीतून नाव गेलं आणि सेतुरावांना तळमजल्यावरच्या रेकॉर्ड रूममध्ये बसवलं. तिथे फोन नव्हता. त्यांची खुर्ची मला मिळाली. पाठीच्या जागी झिजलेली होती ती. माझ्या पाठीला ती झीज कधी जुळली नाही.

पुढच्या सरावाचं पत्र मी पाठवलं. रिवाजाप्रमाणे कलेक्टरकडे, योग्य मुदतीत, योग्य प्रतींसह. सरावाच्या सकाळी पट्ट्यात चाळीसभर होड्या होत्या. जहाजाला गोळीबार थांबवावा लागला. होड्या हुसकताना कोळ्यांना जाळी पाण्यात टाकून यावी लागली. दुपारी वीस-पंचवीस माणसं फाटकाशी येऊन उभी राहिली. कमांडर साहेब माझ्यावर ओरडले, "निकम, यांना कोणी सांगितलं कसं नाही?"

मी पत्राची स्थळप्रत दाखवली. त्यांनी ती वाचलीही नाही.

मग चोरून मी तेच केलं, ज्यासाठी सेतुरावांना खाली बसवलं होतं. डिरेक्टरीतून एका बर्फाच्या कारखान्याचा नंबर काढला आणि पुढच्या सरावाची तारीख सांगू लागलो. पलीकडच्या माणसाने ऐकून घेतलं. मग विचारलं, "राव सार कोठे आहेत?"

"ते आता दुसऱ्या कामावर आहेत. मी सांगतोय ना."

"राव सारना सांगू दे," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

मी उभं राहून बोललो होतो. तरीही.

रेकॉर्ड रूममध्ये सेतुराव त्याच टापटिपीने काम करत होते. जुन्या फाईली तपासायच्या, ठेवायच्या की नष्ट करायच्या ते ठरवायचं. गवताची जुनी फाईल त्यांच्याच टेबलावर येईल, ही शक्यता माझ्या डोक्यात आलीच नव्हती. मुदत संपून ती खाली गेली ती माझ्याच सहीच्या यादीतून. त्या यादीत साठ फाईली होत्या आणि मी न वाचता सही केली होती.

त्यांना खाली बसवून सहाएक महिने झाल्यावर गोळीबाराची फाईल संदर्भासाठी खाली गेली होती ती आणायला मी गेलो. सेतुरावांनी फाईल पुढे सरकवली. मी उघडली. हिरव्या शाईची चिठ्ठी आपल्या जागी होती आणि तिच्या उजव्या कोपऱ्यात, लाल शाईत, सेतुरावांच्या अक्षरात पान क्रमांक घातलेला होता.

मी वर बघेना. सेतुराव डबा उघडत होते, साडेबारा वाजले असणार.

"दहीभात घेतां कीं, तंबी? आज लिंबाचं लोणचं आहे."

"नको, राव. जेवलोय."

"सरी," ते म्हणाले, म्हणजे बरं.

बस्स. निवृत्तीला दोन महिने होते. ते कधीही जिना चढून साहेबांना त्या फाईलीतलं ते पान बघा म्हणू शकले असते. रोज सकाळी मी जिन्याकडे कान लावून बसे. ते चढले नाहीत. आणि तेव्हा मला काय वाटलं ते खरं सांगतो. शरम नंतर आली. आधी हेवाच वाटला. एवढं गप्प राहणं या माणसाला परवडतं कसं? माझ्या हातात कोणाचा असा कागद असता तर मी पायऱ्या मोजल्या नसत्या.

निरोप समारंभात हार घालायचं काम माझ्याकडे आलं. मी घातला. त्यांनी वाकून घेतला. भाषणात त्यांनी सगळ्यांची नावं घेतली, माझंही.

त्यानंतर तीन वर्षं मी त्यांच्या घरी गेलो नाही. सुनंदा मधून मधून म्हणायची, "राव कसे असतील रे? जाऊ या एकदा." मी म्हणायचो, पुढच्या रविवारी. मग माझी मुंबईला बदली झाली. सामान बांधताना ती म्हणाली, "निदान आता तरी जा. नाहीतर तिथं जाऊन बोलत बसशील, राव असे होते नि राव तसे होते." एका शनिवारी बीच स्टेशनवरून लोकल पकडली आणि मांबळमला उतरलो.

पहिल्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. सेतुराव बाहेरच्या खोलीत बसले होते. एक डोळा ऑपरेशननंतर झाकलेला होता आणि ते आणखी वाळले होते. मला बघून उठायला लागले.

"बसा, राव. बसा."

"बसतों. तुम्ही उभे कां?"

मी बसलो नाही. बसलो असतो तर बदलीबद्दल बोललो असतो. "राव, ती चिठ्ठी..."

"गवताच्या फाईलींत होती. ठाऊक आहे."

"तुम्ही वर का नेली नाहीत?"

"राग केला. तीन दिवस केला. बायकोला, कावेरीला वाटलं मला ताप आलाय. मग विचार केला, वर नेली तर तुमची नोकरी जाती. तुमच्या घरांत शाळेंतली मुलगी. माझे दोनच महिने उरले होते. दोन महिन्यांसाठीं कोण कोणाची पंचवीस वर्षांची नोकरी घेतो?" मग म्हणाले, "आणि खरं सांगूं? तुम्ही येऊन सांगाल असं वाटलं होतं. निरोपाच्या दिवशीं हार घालतांना सांगाल म्हणून कान जवळ आणला मीं."

खिशातून रुमाल काढला आणि तो हातातच राहिला.

"राव, मला..."

त्यांनी हात वर केला. "मला काय सांगतां? मला सगळं ठाऊक आहे. ठाऊक आहे त्याला सांगणं सोपं." त्यांनी आतल्या दाराकडे मान वळवली. "तिला सांगा. हिचा भाऊ आवडी गांवच्या रणगाड्यांच्या कारखान्यांत होता. त्यानें सगळ्या नात्यांत सांगितलं, सेतुनें गुपित फोडलं म्हणून खालीं बसवलं. तेव्हांपासून ही लग्नामुंजीला जात नाहीं. मीं सांगितलं, तसं नव्हे. नवऱ्याचं कोण मानतो?"

मी आत गेलो. स्वयंपाकघराच्या दारात थांबलो. कावेरीबाई कॉफीचं दूध तापवत होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलं आणि ओळखीचं हसल्या.

"वहिनी, ऑफिसात तेव्हा माझ्या हातून एक चूक झाली होती."

"चूक सगळ्यांच्या हातून होते हो. कॉफींत साखर किती?"

"तशी चूक नाही."

त्यांनी गॅस बंद केला. पदराला हात पुसले. "मग कशी? काय केलंत तें सांगा."

दूध खाली बसेपर्यंत मी शब्द जुळवत होतो. एकही जुळला नाही. मग जसे आले तसे बोललो.

"रावांनी कुठलं गुपित फोडलं नाही. त्यांच्याकडे मोठ्या साहेबांची लेखी परवानगी होती. तो कागद माझ्याकडे होता. साहेबांनी मागितला तेव्हा मी तो काढून लपवला आणि मला आठवत नाही म्हणून खोटं बोललो. रावांनी माझं काही वाईट केलं नव्हतं. ते माझ्यापेक्षा चांगले होते आणि मला ते सहन होत नव्हतं. तुमची तीन वर्षं मी घालवली. तुमच्या भावाच्या घरी येऊन, सगळ्यांसमोर, हेच पुन्हा सांगायला मी तयार आहे. वहिनी, मला क्षमा करा."